शेजारचा पट्टा

पाटोद्याच्या माळावर, पवनचक्क्यांच्या पलीकडे, आमच्या कंपनीची पत्र्याची शेड आहे. तिकीट काढून माणसांना अंतराळात नेणारं यान आम्ही तिथं बनवतो. लोक हसतात, हसोत बापडे. त्या दिवशी मात्र मलाच हसू येत नव्हतं. यानाच्या बंद कॅप्सूलमध्ये माझी धाकटी बहीण बसली होती.

शिवकन्या. ऊसतोडीच्या फडावर वाढलेली आमची पोरगी पृथ्वीभोवती फिरायला निघाली होती. त्याआधीची ही शेवटची चाचणी. जमिनीवरच, हवाबंद कॅप्सूलमध्ये, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटीनं राहायचं. हुकली तर तिची जागा दुसऱ्याला. आणि चाचणी थांबवायचं बटण माझ्यापुढं, शेडसमोरच्या ऑफिसात.

ऑफिसच्या उंबऱ्यापाशी आई बसली होती, पदराखाली भाकरतुकडा घेऊन. लांबून आलेल्या माणसावरून तो ओवाळून टाकायचा, मगच आत घ्यायचं. वाटेत काही मागं लागलं असेल तर ते बाहेरच राहतं म्हणे. मी इंजिनिअर माणूस. मीटरवर विश्वास ठेवतो, भाकरीवर नाही.

"आई, ती कुटं गेलीय का? ही काय, समोरच तर हाय."

"दार लावलं की माणूस लांबच असतंय, अजिनाथ."

दुपारी आतल्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा चढायला लागला. बंद जागेत माणसाच्या श्वासानं हवा किती जड होते, त्याचं गणित मीच मांडलं होतं. हा आकडा त्याच्या दुप्पट होता. मी चडफडत ऑफिसातला मीटर बदलला. दुसराही तेच सांगायला लागला.

आत दोन माणसं श्वास घेत होती.

"शिवे, धाप लागलीय का?" मी माइकवर विचारलं.

"न्हाई दादा. कावून?"

"उगंच. काय करायलीस?"

"नुस्ती पडून हाय." जरा थांबून ती म्हणाली, "गरम व्हायलंय लई. उजव्या अंगालाच."

तिच्या उजवीकडे दुसरं आसन होतं. रिकामं. मी कॅमेऱ्याचं चित्र मोठं केलं. त्या आसनाचा पट्टा लावलेला होता, पण आसनाला टेकलेला नव्हता. मध्ये एका अंगाएवढी जागा सोडून तो ताठ ताणलेला होता.

मी घाबरलो. सांगायला लाज कसली?

"शेजारचा पट्टा तू लावलास?"

"मी कशाला लावू?" मग एकदम बारीक आवाजात, "दादा, बटण दाबू नको. आईची शप्पत हाय तुला. थोडंच राह्यलंय."

मी दाबलं नाही. बोट बटणावर ठेवून बसून राहिलो. आकडा लाल रेषेला टेकला आणि तिथंच थांबला.

संध्याकाळी दार उघडलं. शिवकन्या घामानं निथळत होती आणि हसत होती. शेजारचा पट्टा मोकळा लोंबत होता. मी तिचा दंड धरून तिला ऑफिसातल्या डॉक्टरकडे पळवलं. उंबऱ्यात आई आडवी आली.

"थांब रे, ओवाळू दे आधी!"

"सरक आई! पोरीला काय झालंय ते तर बघू दे!"

आईचा हात तसाच हवेत राहिला. आम्ही आत गेलो.

डॉक्टरला काही सापडलं नाही. पोरगी ठणठणीत, चाचणी पास. माझा जीव भांड्यात पडला. मीटरची काय ती भानगड उद्या बघू म्हटलं, आणि तलवाड्याला घरी जायला गाडी काढली.

मागं एका खिडकीशी आई, दुसऱ्या खिडकीशी शिवकन्या. गाडी सुरू केली तशी टिंगटिंग वाजायला लागली. मागं कुणी पट्टा न लावता बसलं की ही गाडी ओरडते.

"पट्टे लावा की!"

"लावलेत," शिवकन्या म्हणाली.

मी समोरच्या लाल दिव्याकडे पाहिलं. तो मधल्या जागेचा होता.

"मधी पिशवी ठेवलीय का?"

आरशात आई दिसली. अंग चोरून, दाराला चिकटून बसली होती. मुठीतला भाकरतुकडा चुरत होती.

मागं खट्ट झालं.

टिंगटिंग थांबली.