पाचवी तारीख

जुनी स्विस मनगटी घड्याळं जमवायचा मला नाद. त्यामुळे एखादं घड्याळ कुठल्या सालचं, हे विचारायला ओळखीचे माझ्याकडेच येतात. त्या दिवशी दुपारी ताई आली तीही त्याच कामाला. भाऊजींनी एका बंद होत आलेल्या दुकानातून एक घेतलं होतं.

"किती जुनं ते बघ रे. कसंबसं काढून घेतलंय, झोपतानाही सोडत नाहीत."

मागचं झाकण उघडलं. यंत्रावरच्या क्रमांकावरून सत्तर वर्षांचं तरी ठरत होतं. दुरुस्ती करणारे झाकणाच्या आत सुईनं तारीख कोरून ठेवतात. तशा पाच तारखा होत्या. पहिली आणि चौथी यांत चाळीस वर्षं, पण अक्षर एकाच हाताचं. पाचवी तारीख अजून यायचीच होती, येत्या परवाची.

भिंग पुसून पुन्हा पाहिली. परवाचीच.

"राहू दे माझ्याकडे दोन दिवस," एवढंच बोललो.

ती गेल्यावर त्या दुकानात फोन लावला. वर्णन ऐकताच दुकानदारानं घड्याळ ओळखलं.

"वडिलांच्या वेळेपासून चारदा परत आलंय ते," तो म्हणाला. "दर वेळी घेणाऱ्याची बायकोच आणून देते... झाकण मी उघडत नाही, साहेब."

घड्याळ चालूच नये म्हणून मी त्याचं झुलतं चाक काढून डबीत ठेवलं, घड्याळ कपाटात बंद केलं आणि त्या पाचव्या तारखेला सकाळीच ताईकडे जाऊन बसलो. डॉक्टरांनाही बोलावून घेतलं. भाऊजी ठणठणीत.

"माझं घड्याळ दाबून बसलास, आणि वर मलाच तपासतोस होय?" ते हसले.

चारच्या सुमारास बोलता बोलता ते थांबले. मान कलती केली.

"किल्ली कोण देतंय...?"

मलाही ऐकू आलं. कर्र... कर्र... चिमटीत धरून, सावकाश. खोलीतच, पण कुठून ते कळेना. मी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं. दुसरं काय करणार होतो? आवाज आवळत आवळत गेला आणि थांबला. माझ्या बोटांखालची नाडीही.

आठ दिवसांनी ताईचा फोन आला. आवाज बसलेला.

"एक म्हातारे घड्याळजी भेटायला आले होते. ह्यांना ओळखत होते म्हणे. मग तुझीच चौकशी करत बसले... तू रोज हातात कुठलं घड्याळ घालतोस, म्हणून."

"मग?"

"मग काय, सांगितलं मी."