डोक्यावरचा पाइप

समुद्रातल्या खडकावरच्या पत्र्याच्या खोलीतून भरतीच्या नोंदींची सीलबंद पेटी आणायची आणि पाणी चढण्याआधी नावेत परतायचं, एवढीच आमची मोहीम होती. नोंदी या महिन्यात हाती आल्या नाहीत, तर माझं संशोधन वर्षभर मागे पडणार होतं. पेटी जड, म्हणून मी दादाला सोबत घेतलं. मित्र त्याला पैलवान म्हणतात.

खडकावर पक्ष्यांची वीण चालू आहे, हे उतरल्यावरच कळलं. पायाखाली जिकडेतिकडे ठिपकेदार अंडी. जपून पावलं टाकत आम्ही अर्धा चढ चढलो आणि पहिला पक्षी झेपावला. मग दुसरा. मग आभाळच खाली आलं! दादा धावत सुटला आणि खोलीत शिरला. मागोमाग मी घुसले. त्याने दार लावून घेतलं.

खोली कपाटाएवढी. दोघांना धड बसताही येईना. छपरावर नख्यांची खरखर चालली होती. दादा दाराला पाठ लावून, कान गच्च दाबून बसला होता. खालून नाववाल्याने हाळी दिली; उतरायचा कातळ बुडू लागला होता.

"मला पक्ष्यांची भीती वाटते," दादा म्हणाला. "लहानपणापासून. हसू नकोस."

मला हसू आलं नाही. तो गच्चीवर कपडे वाळत घालायला कधीच का जात नाही, भर उन्हाळ्यात खिडकी बंद का ठेवतो, याचा उलगडा आत्ता झाला. आई त्याला आळशी म्हणायची आणि तो मुकाट ऐकून घ्यायचा.

मी दाराच्या फटीला डोळा लावला. पक्षी चोची मारत होते त्या बाहेर उभ्या एरियलच्या उंच खांबाच्या टोकावर. चढताना घातलेलं हेल्मेट काढून पाहिलं, तर त्यावरचे ओरखडेही सगळे माथ्यावरच होते. म्हणजे हल्ला होतो तो सर्वांत उंच गोष्टीवर! कोपऱ्यात एक लांब पाइप पडला होता.

पाइप मी वर धरते, तू पेटी घे, असं मी दादाला सांगितलं. त्याने खरंच उचलली. पण छपरावर पुन्हा नख्या खरखरल्या, त्याचे हात कानांकडे गेले आणि ती निसटून त्याच्याच पायावर आदळली.

एका हातात पाइप आणि दुसऱ्या हाताने पेटीचा पट्टा धरून मला ती ओढत नेता आली असती. पण मग दादाला कोण नेणार? मी पट्टा सोडला.

"डोळे मीट. माझा हात सोडू नकोस."

दार उघडलं. कानठळ्या बसवणारा कालवा! पंखांचा वारा तोंडावर आला. पाइपच्या टोकावर ठणठण चोची बसू लागल्या. दादाच्या पकडीत माझी बोटं पिळवटून निघाली. अंडी टाळायची. घसरायचं नाही. गुडघाभर पाणी, आणि मग नावेची कड!

नाववाल्याने पेटी कुठे, असं विचारलं. वीण संपल्यावर परत येऊ, मी म्हणाले. वर्ष गेलं, हे मनातच ठेवलं.

नाव बरीच लांब आल्यावर दादाने डोळे उघडले. मागे वळून खडकाकडे पाहिलं.

"पुढच्या वेळी मीही येतो," तो म्हणाला. "पेटी तू ओढ. पाइप मी धरतो."