तलावापलीकडची थाप

कातडं पारखायची आमच्या गावची एक रीत होती. घरात वाजवून पाहणं ही निम्मी परीक्षा, उरलेली निम्मी तलावाच्या पाळीवर. खंजिरी हातात घ्यायची, पाण्याकडे तोंड करून मधोमध एक थाप द्यायची आणि गप्प उभं राहायचं. पलीकडच्या काठाला मोहाची आणि येनाची झाडं दाट आहेत. तिथं आदळून थाप परत आली, तर ते कातडं यात्रेत चालेल. नाही आली, तर घरच्या भजनापुरतं.

ही गोष्ट छप्पन सालच्या माघातली. सावली गावाच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांमध्ये आमचं गाव. आमचे हे भजनी मंडळात खंजिरी वाजवायचे. लोक त्यांना गुणवंतभाऊ म्हणत. इतकी वर्षं ते मंडळातल्या म्हाताऱ्या दादाजींच्या मागे बसून वाजवत आले. त्या वर्षी दादाजींचे हात थरथरायला लागले आणि मार्कंड्याच्या शिवरात्रीच्या यात्रेत पुढं बसायचा मान यांच्याकडे आला. नेमकी तेव्हाच यांची जुनी खंजिरी फाटली.

यांचा डावा कान अधू. म्हणून कातडं निवडताना मला सोबत न्यायचे. माझे नेम त्यांना ठाऊक होते. सोमवारी आणि शिवरात्रीला मी दिवा लागेपर्यंत बोलत नसे. आणि रोज तिन्हीसांजेला देवाचा दिवा माझ्याच हातानं लावायचा, त्याआधी अन्न नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून हा नेम एकदाही चुकला नव्हता.

"तू बोलत नाईस, म्हणून तुले आयकू येते," असं हे म्हणायचे.

बकऱ्याची दोन कातडी आणली होती. एक उन्हात वाळवलेलं, ते मडक्यासारखं बोललं. दुसरं बरं होतं. पाळीवर त्याची थाप परत आली, पण आवाजात जीव नव्हता. हे हिरमुसले. खंजिरीवर ते बसवून तर घेतलं, पण मन त्यात नव्हतं.

मग एके दिवशी इस्तारी ढिवर आला. त्याच्या हातात लाकडाच्या कड्यावर ताणलेलं एक कातडं होतं, बाभळीच्या काट्यांनी टाचलेलं.

"घ्या भाऊ. मासोळी नाई भेटली, हे भेटलं."

"कुठी भेटलं गा?"

"पलीकडच्या काठाले. करंजीच्या फांदीले टांगलं होतं, सावलीत. कोणीतरी मन लावून ताणलं हाये पाह्य. धनी येईन म्हून मी वाट पाह्यली. कोणी येऊन नाई राह्यलं. मंग म्हटलं, झाडावर सडण्यापरीस भजनात वाजलेलं बरं."

"पलीकडं तर कोणीच राहत नाई."

"तेच म्हणतो ना मी! अस्वलानं तं नसन ताणलं?" इस्तारी हसला.

यांनी कातडं उन्हासमोर धरलं. बकऱ्याच्या कातड्यात केसांची भोकं दिसतात, कुठं एखादी शीर दिसते. घोरपडीच्या कातड्याला बारीक दाणा असतो. यात काहीच नव्हतं. ऊन त्यातून सरळ आलं, पाण्यातून यावं तसं. यांनी वास घेतला. वासही नव्हता.

"कोणाचं असन?"

"जनावराचं, अजून कोणाचं? तुम्हाले वाजवाचं हाये का जात इचाराची हाये?"

मी हात लावून पाहिला. दुपार होती, कातडं उन्हात धरलेलं होतं, तरी ते गार होतं. यांनी नखानं टिचकी मारली. आवाज उठला आणि बराच वेळ विझला नाही. यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

चिंचोक्याची खळ लावून ते कातडं नव्या कड्यावर चढलं, झांजा बसल्या, आणि आम्ही पाळीवर गेलो. यांनी थाप दिली. पलीकडून ती परत आली, स्वच्छ. त्या काठावरचे बगळे एकदम उडाले.

"बस!" हे म्हणाले. "मार्कंड्यात आयकतीन लोकं."

घरी आल्यावर मी खंजिरीला हळद-कुंकू लावलं आणि ती देवापुढं ठेवली.

*

हे रोज दुपारी पाळीवर जाऊन हात बसवायला लागले. मी खाली घाटावर कपडे धूत असे. पहिल्या सोमवारी मी मौनात होते. मनात जप चालू होता, आणि वरून थाप पडत होती, पलीकडून परत येत होती. जप आणि थाप यांची आपोआप सांगड बसली. इकडची थाप पडली, की तिकडची यायच्या आत मनात एक अख्खं 'नमः शिवाय' मावायचं.

पुढच्या सोमवारी ते मावलं नाही. 'नमः' म्हणेपर्यंत थाप परत आली.

मला वाटलं, माझाच जप मंदावला. संध्याकाळी दिवा लावला, बोलती झाले, आणि यांना म्हटलं, "उद्या बकऱ्याची खंजिरी पण घेऊन चला."

"काऊन वो?"

"मले आयकाचं हाये."

दुसऱ्या दिवशी यांनी दोन्ही वाजवल्या. बकऱ्याची थाप दिली, अख्खं 'नमः शिवाय' मावलं. नवी वाजवली, अर्धंही नाही. पुन्हा बकऱ्याची, पुन्हा नवी. तेच.

आणि बगळे. या वेळी ते काठावरून उडाले नाहीत. तलावाच्या मधोमध कमळाची पानं आहेत, तिथून उडाले.

"ह्या कातड्याची थाप लवकर येऊन राह्यली," मी म्हटलं.

"वारं असन."

"वारं दोघीले सारखंच हाये ना?"

 खंजिरी काखेत मारून हे म्हणाले, "यात्रा होऊ दे. मंग पाहू."

मी पाण्याकडे पाहिलं. पाणी शांत होतं. घाटाजवळच्या बेडकांचा आवाज मात्र बंद झाला होता.

*

त्यानंतर ते घरीच वाजवायला लागले. ऊन फार, असं म्हणाले. आमची सोप, म्हणजे पुढची ओसरी, मातीच्या भिंतींची. तिथं थाप घुमत नाही, भिंत ती पिऊन टाकते. इस्तारी दाराशी जाळं शिवत बसला होता. यांनी मधोमध एक थाप दिली.

घाटाकडून थाप आली.

यांचा अधू कान दाराकडे होता. त्यांना ऐकू आलं नाही. ते पुढं वाजवत राहिले. इस्तारीची सुई मात्र जागच्या जागी थांबली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. दोघांच्या मध्ये यांची खंजिरी वाजत होती आणि घाटाकडून कुणीतरी तिला तोड देत होतं.

"भाऊ," इस्तारी म्हणाला, "राहू द्या. मी हे जाग्यावर नेऊन टांगतो."

"आता? देवापुढं ठेवलेलं वापस नेतेत काय?" हे चिडले. "तुले पैसे पाह्यजेत का?"

"पैसे कोण मांगून राह्यलं? माह्याच हातानं आणलं, माह्याच हातानं नेतो."

"तू मासोळ्या पाह्य, इस्तारी. खंजिरी मी पाहतो."

इस्तारीनं जाळं गुंडाळलं. मी कुंपणापर्यंत त्याच्या मागं गेले. तो खाली मान घालून बोलला.

"कुंताबाई, मी पाण्यात जाणं सोडलं. जाळं टाकलं की बाजूले सरकते. कोणी चालत आलं की लुगडं कसं सरकते, तसं. मले काई करत नाई थे. माह्या मागं नाई."

"मंग कोणाच्या मागं हाये?"

"वाजवणाऱ्याच्या. एक थाप पडली की एक पाऊल येते." त्यानं जाळं खांद्यावर घेतलं. "यात्रेत तं रातभर वाजवतीन भाऊ."

*

मी भांडत नाही. मोठ्यानं बोलणं मला जमतही नाही. यात्रेला निघायच्या आदल्या दिवशी मी यांचं ताट वाढलं आणि माझं ताट पालथं घातलं.

"हे काऊन?"

"तुम्ही बकऱ्याची खंजिरी नेतो म्हणा. मंग जेवतो."

"पुढं बसून मडकं वाजवू? दादाजी काय म्हणन? सारं मंडळ हासन मले."

ते जेवले. माझं पालथं ताट तसंच राहिलं. सकाळी मंडळी वैनगंगेकडे निघाली, डोंग्यानं पार व्हायचं होतं. हे उंबऱ्यात आले, माझ्याकडे पाहिलं, आणि नवी खंजिरी परत देवाजवळच्या खुंटीला अडकवली.

"तुह्या हट्टापायी," ते म्हणाले. बकऱ्याची काखेत मारली आणि गेले.

शिवरात्र होती. मौन सुरू झालं होतं, म्हणून मी नुसते हात जोडले. ते वळणाआड होईपर्यंत पाहत राहिले. मला फार हलकं वाटलं. आता वाजवणारा नदीपलीकडे होता आणि कातडं इथं होतं.

गाव अर्धंअधिक यात्रेला गेलं होतं. दुपारी मी देवासमोर बेल वाहत बसले. छपराच्या लाकडाला वाळवी लागली होती. मातीचा एक खडा सुटला आणि खुंटीवरच्या खंजिरीवर पडला.

टप्प.

अंगणातून थाप आली. तुळशीपाशी.

मी उठले. खंजिरी खुंटीवरून काढली. झांजांमध्ये पदराचा बोळा कोंबला. फाडून टाकावी असं मनात आलं, विळी समोरच होती. पण मीच हळद-कुंकू लावलेली वस्तू. हात धजला नाही.

मग मी ती मांडीवर घेतली आणि उजवा तळवा कातड्यावर दाबून धरला. दाबलेलं कातडं बोलत नाही. देवाकडे पाठ केली आणि दाराकडे तोंड करून बसले.

ऊन अंगणातून सरकत गेलं. तळव्याखाली कातडं गार होतं. माझ्या हाताची ऊब त्यात उतरत नव्हती. कुणाला हाक मारावी तर मौन. हात उचलावा तर मातीचे खडे अधूनमधून पडतच होते. ते माझ्या मनगटावर पडत.

ऊन गेलं.

गाई परत आल्या. घंटा वाजल्या, धूळ उठली, खाली बसली.

दिव्याची वेळ झाली.

काडेपेटी देवळीत होती, माझ्या पाठीमागे. काडी ओढायला दोन हात लागतात. मी तळवा उचलला नाही; आणखी एक थाप पडली असती, तर ते घरात येऊन यांची वाट पाहत बसलं असतं. इतक्या वर्षांचा नेम, आणि यांचा जीव. मी यांचा जीव धरून बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते डाव्या हातानं पुसत राहिले. खाली पडलं असतं तर कातड्यावर वाजलं असतं.

दार दिसेनासं झालं.

तलावाच्या चिखलाचा वास आला. आधी अंगणातून. मग उंबऱ्यातून. मग माझ्या उजव्या अंगानं, अगदी जवळून, पाठीमागं गेला.

काही वाजलं नाही.

मग समोरच्या दारावर माझी सावली पडली.

पाठीमागे उजेड झाला होता. दिवा लागला होता. ज्योत जरा हलली, स्थिर झाली, तशी सावलीही स्थिर झाली. सावली एकच होती. मी नीट पाहिलं.

बऱ्याच वेळानं मी वळले. देवापाशी कोणी नव्हतं. दिवा जळत होता. काडेपेटी देवळीत होती तिथंच होती. मी ती उचलली. ती ओली होती, पार फुगलेली.

*

हे सुखरूप परत आले. यात्रेत नाव झालं नाही, पण कोणी हसलंही नाही. आल्या आल्या ते नवी खंजिरी घेऊन पाळीवर गेले. मी सोबत होते. थाप दिली. वाट पाहिली. पुन्हा दिली. समोरच्या काठावर बगळे बसले होते, एकही उडाला नाही.

"आता येत नाई वापस," हे म्हणाले. "कातडं मेलं वाट्टे."

जिथून परत यायचं, तिथं आता कोणी नव्हतं.

खंजिरी आजही खुंटीला आहे. इस्तारीनं पुन्हा पाण्यात डोंगा घातला आहे, मासोळी भरपूर मिळते म्हणतो. माझा नेम चालू आहे. तिन्हीसांज झाली की मी हातपाय धुते, डोक्यावर पदर घेते आणि देवाच्या खोलीत जाते. दिवा लागलेला असतो.

"आज लवकर लावला वो दिवा," हे बाहेरून म्हणतात.

मी हात जोडते. चुलीत विस्तव असतोच, काडेपेटी आमच्या घरात फक्त देवाच्या दिव्यासाठी. ती आता सरत नाही. रोज सकाळी मी ती उन्हात वाळत घालते.