टाकव्याच्या माळावरची पिल्लं

ही गोष्ट खरी आहे. माझी मावसबहीण अपूर्वा मोजमाप केल्याशिवाय पाऊस पडला असंही म्हणत नाही.

मागच्या फेब्रुवारीत, टाकवे बुद्रुकच्या माळावर, दिवसाढवळ्या हे घडलं. ती तिथल्या लांडग्यांचा अभ्यास करत होती. नर आधीच दिसेनासा झाला होता. उरलेली मादी कान्हे रस्त्यावर डंपरखाली गेली. अपूर्वा आणि वनरक्षक गोरखभाऊ, दोघांनी मिळून तिला पुरलं.

बिळात तिची तीन पिल्लं होती.

पिंजऱ्यात वाढवली तर जगतील, पण मग माळाला कायमची पारखी होतील. तिथेच ठेवली तर उपाशी मरतील.

"नर परततोय का, दोन दिवस बघू," अपूर्वा म्हणाली. तिने बिळापुढची माती हाताने सपाट केली.

दुसऱ्या दिवशी मातीवर फक्त पिल्लांचे ठसे...

पोटं मात्र टम्म.

"वारं खाऊन फुगली का काय?" गोरखभाऊ हसले.

अपूर्वा दुर्बीण लावून बसली.

दुपारी पिल्लं बाहेर आली. मागच्या पायांवर उभी राहून, शेपट्या हलवत, काहीतरी चाटू लागली. आईचं तोंड ती असंच चाटतात. मग आई गिळून आणलेलं मांस ओकते.

तिथे कुणीच नव्हतं.

माळावरचे चंडोल एकदम गप्प झाले...

आणि मातीवर मांस पडलं.

तिसऱ्या दिवशी वरून निरोप आला, पिल्लं आजच उचला. गोरखभाऊ पिंजरा घेऊन समोर उभे राहिले. अपूर्वाने बिळात हात घालून एक पिल्लू काढलं.

मानेवर गरम श्वास लागला...

गुरगुर नाही. नुसता श्वास.

पिल्लू तिच्या खांद्यावरून मागे बघत शेपटी हलवत होतं.

तिने ते हळूच परत ठेवलं.

"वर काय सांगू, ताई?"

"आई आहे म्हणून सांगा."

"आपुनच पुरली की तिला."

"हो."

गोरखभाऊंनी तिच्या पाठीमागे पाहिलं. मग नजर खाली वळवली. "मंग चला. तिला खोळंबून ठिऊ नका."

पिल्लं जगली. पावसाआधी माळावर पांगली.

हे सांगताना अपूर्वा भिंतीला पाठ टेकून बसली होती.

"तू मागे वळून का नाही बघितलंस?" मी विचारलं.



"काहीच दिसलं नसतं, तर मला पिल्लं उचलावी लागली असती."