तिसऱ्या मजल्यावर कुणीच आजारी नाही

"ज्यांना पटतंय त्यांनी हात वर करा," वसाहतीचे अध्यक्ष म्हणाले, आणि भिंगरीच्या आईनंही हात वर केला.

जिन्याच्या कठड्याआड दडून बसलेल्या भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुट्टी लागल्यापासून वसाहतीत घराघरात माणसं उलट्या-जुलाबांनी आडवी झाली होती. तिच्या धाकट्या भावाला तर सलाईन लावावं लागलं होतं. बरं होतं सगळं ते फक्त तिसऱ्या मजल्यावर, नवीच्या घरी. नवी तिच्याच वर्गातली. इथे येऊन तिला दोन वर्षं झाली, तरी सगळ्यांच्या लेखी ती नवीच. तिच्या घरची माणसं परमुलखातली, आपसांत वेगळी भाषा बोलणारी. शहाण्यासुरत्या मोठ्या माणसांना एवढा पुरावा पुरला. यांनीच पाण्यात काहीतरी कालवलं असणार, असं एक जण म्हणाला आणि बाकीच्यांनी री ओढली. रविवारी दुपारी, पाणी सुटायच्या वेळी, चौकात सभा घ्यायची आणि त्यांना घर सोडायला सांगायचं, असं ठरलं.

"तू पण, आई?" घरात शिरताच भिंगरी कडाडली.

"आवाज खाली. बाळ मरता मरता वाचलंय."

"म्हणून त्यांना हाकलायचं?"

"मग त्यांच्या घरी कुणाला काहीच कसं झालं नाही, ते सांग."

भिंगरीला ते सांगता येईना, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. ती तडक सायकलींच्या शेडमध्ये गेली. तिथे नवी होती आणि हातोडा होता. हातोडा म्हणजे वसाहतीच्या प्लंबरचा मुलगा. बापाबरोबर फिरून त्याला इथला प्रत्येक पाइप तोंडपाठ झाला होता.

"नवी, तुम्ही आजारी का नाही पडलात?" भिंगरीनं सरळ विचारलं.

नवी ताडकन उठली. "तूसुद्धा?"

"मी नाही गं. पण रविवारी सगळे हेच विचारणार आहेत."

"आजी पाणी खळखळून उकळल्याशिवाय कुणाला घोटभर देत नाही. गावी नदीचं पाणी प्यायचो आम्ही. तिची सवय गेलेली नाही."

"मग हे कुणाला सांगितलं का नाहीस?"

"मला विचारलं कुणी?" नवी म्हणाली.

"म्हणजे दोष पाण्यातच आहे," हातोडा म्हणाला. "पण बाबांनी कालच टाकीत उतरून पाहिलं. टाकी स्वच्छ आहे. घाण मधेच कुठेतरी शिरतेय. दुपारी पाणी सुटेपर्यंत टाकीचा व्हॉल्व्ह बंद असतो. तो उघडल्यावर येणारं पहिलं पाणी बघायला हवं."

पाणी सुटलं तेव्हा तिघं चौकातल्या नळापाशी टपून बसलेली होती. पहिला ग्लास गढूळ निघाला. भिंगरीला आणि हातोड्याला त्यातून काही बोध होईना. नवीनं मात्र ग्लास नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं.

"शेण," ती म्हणाली. "आमचा गोठा होता. हा वास मी झोपेतही ओळखीन."

वसाहतीत ना गाय ना म्हैस. शेण कुठे असतं, हे भिंगरीला मात्र पक्कं ठाऊक होतं, कारण तिथे चेंडू गेला म्हणून तिनं चिक्कार बोलणी खाल्ली होती. अध्यक्षांच्या गुलाबांपाशी! तिथे, चौकाच्या कडेलाच, उंच ओट्यावर शेणखताच्या पाण्याचं पिंप होतं. नळाला लावलेली रबरी नळी त्या पिंपात पार तळापर्यंत सोडलेली होती, आणि नळ सताड उघडा. पाणी आलं की पिंप आपोआप भरावं, आपल्याला खेप पडू नये, म्हणून अध्यक्षसाहेबांनी केलेली ही सोय.

हातोड्यानं कपाळावर हात मारला. "वरून पाणी बंद असताना खाली कुणीही नळ सोडला की पाइप रिकामा होतो आणि या नळीतून पिंपातलं पाणी ओढून घेतो. नंतर पाणी सुटलं की तेच घरोघरी."

तिघं धावत अध्यक्षांकडे गेली. त्यांनी अर्धंही ऐकून घेतलं नाही.

"मला पाइप शिकवता? सुट्टीत जरा अभ्यास करा." मग त्यांची नजर नवीवर गेली. "आणि तू यांच्यात कशाला? तुमचं काय ते रविवारी बघू."

घरी जाऊन भिंगरीनं मोठं पातेलं गॅसवर चढवलं आणि भावाला उकळलेलंच पाणी द्यायला लागली. शेजाऱ्यांनाही सांगितलं, पण पोराटोरांचं कोण ऐकतं?

रविवारी दुपारी, पाणी सुटायच्या आधी, तिनं केकमध्ये घालायच्या लाल रंगाची बाटली त्या पिंपात रिकामी केली.

सभा भरली. नवीचे आई-बाबा आणि आजी एका कडेला उभे होते. त्यांना बसायला खुर्ची द्यावी, एवढंही कुणाला सुचलं नव्हतं. अध्यक्षांनी घसा खाकरला आणि वसाहतीच्या शिपायाला पाणी आणायला सांगितलं. नुकतंच पाणी सुटलं होतं. शिपायानं चौकातल्या नळावर काचेचा जग भरला आणि टेबलावर आणून ठेवला. पाणी चांगलं गुलाबी होतं.

"बघा, यांनीच कालवलं," कोणीतरी ओरडलं.

"त्यांनी नाही, मी," भिंगरी टेबलासमोर येऊन म्हणाली. "खायचा रंग आहे. नळात नाही टाकला, अध्यक्षकाकांच्या शेणखतात टाकला. आता तुम्हीच सांगा, तो या जगमध्ये कसा आला?"

हातोड्यानं पिंपातली नळी ओढून वर धरली. तिच्यातून लाल शेणपाणी ठिबकत होतं. नवीनं आजीच्या उकळलेल्या पाण्याची गोष्ट सांगितली. अध्यक्षांचा चेहरा पार उतरला.

मग एकेकाला कंठ फुटला. काय हुशार पोरं, यांचा सत्कार करायला हवा, आपण आधीपासूनच पाणी उकळायला हवं होतं. अध्यक्षही घाईघाईनं म्हणाले, "शाब्बास, तुम्ही तिघांनी वसाहतीचं नाव काढलंत."

"शाबासकी नको," भिंगरी म्हणाली. "नवीला वास कळला नसता आणि हातोड्याला पाइप कळले नसते, तर तुम्ही यांना बाहेर काढून तेच पाणी पीत बसला असता."

तेवढ्यात नवीची आजी तिच्या भाषेत काहीतरी बोलली. नवीनं मान खाली घातली.

"काय म्हणतायत त्या?" अध्यक्षांनी विचारलं.

"ती विचारतेय," नवी म्हणाली, "आमच्याही घरी कुणी आजारी पडलं असतं, तर आम्ही तुम्हाला आपले वाटलो असतो का?"

भिंगरी आईकडे बघत राहिली. आईनं कडेवरच्या बाळाला सावरलं, आपली खुर्ची उचलली आणि सगळ्यांसमोरून चालत जाऊन ती आजींपुढे ठेवली.

"बसा," ती म्हणाली. "परवा माझाही हात वर होता."