सारवणावरची ग्रीक अक्षरं

सबनीसांचा कागद हरवला आणि चोर म्हणून रामीचं नाव पुढे आलं, तेव्हा लियाकतलाही ते पटलं होतं.

लियाकत जव्हारचा बुकबाइंडर. दुकान चौकात, सबनीसांच्या दारासमोरच. अनंतराव सबनीस उत्खननांचे चित्रकार. दोनच वर्षांपूर्वी अफगाणिस्तानातल्या आई-खानुम या ग्रीक नगरात काम करून आलेले. तिथल्या ग्रंथदालनात जुनी पोथी कुजून गेली होती, पण तिची शाई मातीला चिकटून राहिली होती. अक्षरं अर्थातच उलटी. सबनीसांनी शिबिरातल्या साध्या शाईने ती जशीच्या तशी, उलटीच उतरवून घेतली होती. तोच कागद टेबलावरून गेला होता.

"काल सकाळी सातला मी बाहेर पडलो, तेव्हा टेबलावर होता," सबनीस म्हणाले. "चारला आलो तर नाही. रामी सारवायला आली होती. आज कामाला आली तेव्हा भरचौकात विचारलं तिला, तर गप्प. उद्या पोलिसांत देणार."

हवापालटासाठी आलेले ठाण्याचे खाजगी गुप्तहेर ताडफळे शांतपणे ऐकत होते. "आणखी कोण आलं?"

फ्रेमवाला रफीक म्हणाला, "दहाला आलो साहेब. जमीन ओली होती. फ्रेम दाराशी टेकवली आणि गेलो."

प्राध्यापक कारखानीस याच विषयावर लिहीत होते. कागद त्यांनी उसना मागितला होता. सबनीसांनी दिला नव्हता. "मी तीनला आलो," ते म्हणाले. "अर्धा तास खाटेवर बसलो. टेबलावर कागद नव्हताच."

"बारापर्यंत जमीन वाळली असणार. त्यानंतर दुसरं कोणी आत गेलं?" ताडफळ्यांनी लियाकतला विचारलं.

"नाही. मी काल दिवसभर दुकानात होतो. फक्त प्राध्यापक."

रामी सबनीसांच्या ओट्याखाली उभी होती. "माना कागुद कशाला?" ती म्हणाली. "सारवलां, खिडकी उघडी ठेवली, साडेनवाच्या जीपनं दाभोशाला घरी गेलू." जीपवाल्यानेही तेच सांगितलं.

ताडफळे खोलीत गेले आणि खिडकीखालच्या कोपऱ्यात उकिडवे बसले. सारवणाच्या वळ्यांवर फिकट निळसर अक्षरं उमटली होती.

लियाकत वाकला. "ग्रीकच आहे. पण सुलटं आहे, साहेब. तो कागद तर उलटा होता."

"रबरी शिक्का उलटाच असतो ना, लियाकतभाई? उमटतो सुलटा."

लियाकतच्या डोक्यात आता प्रकाश पडला.

"कागद वाऱ्याने उडाला आणि ओल्या सारवणावर पालथा पडला," ताडफळे म्हणाले. "कधी? रामी कोपऱ्यापासून दाराकडे सारवत येते. ती असताना पडला असता, तर अक्षरांवरून तिचा हात फिरला असता. इथे अक्षरं हाताच्या वळ्यांच्या वर आहेत. म्हणजे ती गेल्यावर पडला."

"मग रफीक?" लियाकतने विचारलं.

"ओल्या जमिनीवरून तो कोपऱ्यात गेला असता, तर पावलं उमटली असती. एकही नाही. कागद उचलला तो जमीन वाळल्यावर. आणि जमीन वाळल्यावर आत एकच माणूस आला. टेबलावर कागद नव्हता, हे तुम्ही खरंच सांगितलंत, प्राध्यापक. जमिनीवर होता, तेवढं सांगितलं नाहीत."

कारखानिसांनी चष्मा काढला, पुसला, पण परत लावला नाही. "नक्कल करून परत ठेवणार होतो. शेण लागलं होतं म्हणून पाण्याने पुसायला गेलो. सगळी शाई पसरली." आवाज खाली गेला. "मग रामीचं नाव पुढे आलं आणि मी गप्प बसलो."

सबनीस कोपऱ्यात गेले. मग खाली बसून, पेन्सिल घेऊन, सारवणावरची अक्षरं उतरवू लागले. दोन ओळी सोडून सगळी मिळाली. मान वर केली तेव्हा ओट्याखाली कोणी नव्हतं. रामी निघून गेली होती.

दुसऱ्या सकाळी ते दाभोशाच्या जीपमध्ये बसले. सोबतीला लियाकत. रामी अंगणात लाकडं रचत होती.

"रामी, माझी चूक झाली," सबनीस म्हणाले.

तिने हातातलं लाकूड नीट बसवलं. "चोर चौकात म्हटलां. हितं कोण आयकतंय?"

परतीच्या जीपमध्ये रामीही बसली. चौकात बाजाराची माणसं होती. सबनीस लियाकतच्या दुकानाच्या पायरीवर चढले आणि मोठ्याने म्हणाले, "रामीने काही घेतलं नव्हतं. मी तिच्यावर खोटा आळ घेतला."

माणसं थांबली. रामी पदर खोचून ऐकत होती.

"मागच्यांना आयकू नाय गेला," ती म्हणाली.

सबनिसांनी पुन्हा, आणखी मोठ्याने सांगितलं.