नीलसाक्षीचे पंख

तिलारीच्या रानात आता उघड्या हातांनी कोणी जात नसे. भर उन्हातही माणसं पूर्ण बाह्या आणि हातमोजे घालूनच ओढा ओलांडत, कारण ओढ्याकाठी नीलसाक्षी असत.

नीलसाक्षी म्हणजे प्रयोगशाळेत घडवून रानात सोडलेलं फुलपाखरू. फुलपाखरं क्षारांसाठी ओला चिखल शोषतात, तसा माणसाचा घामही. नीलसाक्षीचा निळा रंग कोणत्याही रंगद्रव्याचा नव्हता. पंखांवरच्या खवल्यांतल्या अतिसूक्ष्म थरांमध्ये ठरावीक अंतर होतं, म्हणून तो दिसे. घामात मज्जाज्वर या साथीच्या रोगाचा अंश असला की ते थर फुगत आणि दोन-चार मिनिटांत निळा पंख तांबूस होई. माणूस अंथरुणाला खिळण्याच्या तीन महिने आधी हे कळे. त्या तीन महिन्यांत तो घरच्यांना रोग देऊ शके, म्हणून त्याला छावणीत नेत. छावणीतून अजून कोणी परतलं नव्हतं.

डॉ. मृदुला पळसुले दर महिन्याला नीलसाक्षींचे फोटो काढून त्यांचा प्रसार नोंदवत असे. चढावर कॅमेरा वाटाड्या रुक्माजी गवसच्या गळ्यात असे, ओढ्यावर पोचल्यावर तिच्या.

"बाय, हलू नका," रुक्माजी म्हणाला. "पट्ट्यार बसलाहा."

तिवईवरच्या कॅमेऱ्याचा घामट पट्टा खाली लोंबत होता. त्यावर पंख मिटून, सुक्या पानासारखं दिसणारं फुलपाखरू सोंड लावून बसलं होतं. फुलपाखराने पंख उघडावेत म्हणून मृदुला बावीस वर्षं श्वास रोखत आली होती. आज वाटलं, उघडू नयेत.

ते उघडले. तांबूस.

"कोणाचो घाम?"

"पट्टा दोघांनीही घातलाय, रुक्माजी."

"म्हणजे दोघांतलो एक."

"किंवा दोघंही. पट्टा ओढ्यात टाकू. फोटो मी काढलेलाच नाही. काही न बघता खाली जाऊ."

"आणि नातीक मांडयेर कशी घेव? वीस दिसांचा पोर ता."

त्याने मोजा काढून तळहात पुढे केला. एक नीलसाक्षी येऊन बसलं.

"हात बघणाऱ्या भटापेक्षा ह्यां बरां," तो म्हणाला. "दक्षिणा मागणा नाय."

बराच वेळ ते शोषत राहिलं. मग पंख उघडले. निळे. आणखी पाच मिनिटं थांबूनही निळेच.

रुक्माजीने डोळे मिटून श्वास सोडला. डोळे उघडले तेव्हा तो तिच्याकडे पाहत होता, आणि त्याचे पाय नकळत दोन पावलं मागे गेले होते.

"रुक्माजी..."

"थंयच रवा, बाय."

तो रागावला नव्हता. वाटेत साप दिसला की तो याच आवाजात तिला थांबवी.

मृदुलाने बाह्या हातमोज्यांवर ओढल्या, गळ्याचं बटण लावलं. भीतीने तिच्या कपाळावर, मानेवर घाम फुटला आणि ओघळून पापण्यांपर्यंत आला. चिखलावरची फुलपाखरं एकेक करून उठली आणि तिच्या दिशेने येऊ लागली.